तंबाखूचं पाणी

परवा नातीनं गल्लीतलं एक पिल्लू घरात आणलं. तिच्या बापानं दुकानातून गोचीड मारायचं औषध आणून त्याच्या अंगाला चोळलं आणि त्याला अंगणात मोकळं सोडलं. पिल्लू लगेच वळून आपली पाठ चाटायला लागलं. मी ओरडले, "धर त्याला! सुकेस्तोवर चाटू देऊ नको!"

घरातले सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी एवढ्या मोठ्यानं ओरडू शकते हे त्यांना ठाऊक नव्हतं. नात म्हणाली, "आजी, तुला कुत्र्याचं काय माहीत?"

माहीत आहे. कुत्र्याला न्हाऊ घालायची नोकरी मी सहा वर्षं केली. आमच्या घरात हे कुणी बोलत नाही. मुलांना वाटतं, आई साहेबांच्या बंगल्यावर भांडी घासायची. मीही कधी खोडून काढलं नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही. आमचे हे म्हणायचे, गयाला एक वाक्य बोलायचं तर आधी पदर दातात धरावा लागतो. लिहायला पदर लागत नाही, म्हणून ही वही. पुढच्या पानांवर नातीची गणितं आहेत, मागची पानं माझी.

माझा जन्म मेंढरांतला. माहेर पोखर्णीच्या बाजूला. एका व्यापाऱ्यानं बापाकडून कोऱ्या कागदावर अंगठा घेतला आणि दहा मेंढरं जास्तीची नेली, तेव्हापासून घरात एक तरी वाचणारं माणूस पाहिजे असं बापाच्या मनानं घेतलं. भाऊ कळपामागे लागत होते, म्हणून मला पाथरीला मामाकडे ठेवलं. चौथी पास झाले आणि लग्न झालं. नवरा परभणीच्या स्टेशनावर मालधक्क्याला हमाल. आम्ही स्टेशनामागे राहायचो, आणि दारात एक शेळी होती.

हैदराबाद संस्थानात पोलीस ॲक्शन होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. जुने अंमलदार गेले होते, नवे बाहेरून आले होते. त्या दिवसांत परभणीत नवा माणूस भेटला की लोक आधी त्याच्या टोपीकडे बघत, मग तोंडाकडे. गडबडीत कोण कुणाच्या बाजूनं होतं याचा हिशेब ज्याच्या त्याच्या मनात चालू असायचा, आणि विचारत कुणीच नव्हतं. आमच्यापासून जवळच एक बंगला होता. तिथे बांधकाम खात्याचे साहेब राहायला आले, नागपूरकडचे. एका सकाळी मी बंगल्याच्या कुंपणाशी शेळीचे गोचीड काढत बसले होते. पलीकडून बाईसाहेबांनी विचारलं, "काय करून राहिली गं तू?"

"गोचीड काढायलेय."

"दुखत नाही तिला?"

"पिळलं की दुखतंय. सरळ वढलं की न्हाई दुखत."

"कुत्र्याचे काढशील?"

मी मान हलवली. कुत्रं म्हणजे आमच्या कळपामागचं, वासराएवढं, लांडग्याच्या अंगावर जाणारं, असं माझ्या डोक्यात. दुसऱ्या दिवशी गेले आणि विचारलं, "कुत्री कुटं हाय?" साहेब हसले. बाईसाहेब हसल्या नाहीत. "तिला कुत्री म्हणायचं नाही. चिमी म्हणायचं."

चिमी मांजराएवढी होती. रंग तांबूस, एका कानाचं टोक मोडलेलं. केस इतके आखूड की हात सुलटा फिरवला तर मखमल लागे आणि उलटा फिरवला तर दोन दिवसांची दाढी.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना वाटतं, आखूड केसांच्या कुत्र्याला काय करायचं असतं? विंचरायचं नाही, गुंता नाही. तसं नसतं. लांब केसांत घाण लपते, आखूड केसांत दिसते, आणि दिसली की मालकिणीला दिसते. केस आखूड म्हणून कातडी उघडी; थंडी लवकर, खरूज लवकर. रोज गोणपाटाचा तुकडा हाताला गुंडाळून अंग चोळायचं, म्हणजे मेलेले केस निघतात आणि सतरंजीवर पडत नाहीत. आंघोळ रोज नाही, आठ-पंधरा दिवसांनी, उन्हात, कोमट पाण्यानं. आधी मानेभोवती साबणाचं कडं करायचं. अंगावर पाणी पडलं की पिसवा तोंडाकडे पळतात. कडं असलं की तिथेच अडकतात. डोकं शेवटी, कारण डोकं भिजलं की कुत्रं अंग झटकतं आणि तुमचीच आंघोळ होते. कानात कापूस. नखं पांढरी असतील तर आतली लाल शीर दिसते, तिच्या अलीकडे थांबायचं. गोचीड बोटांच्या बेचक्यात, कानाच्या घडीत आणि शेपटीच्या बुडाशी शोधायचे, काढून रॉकेलच्या वाटीत टाकायचे, चिरडायचे नाहीत. अजून एक काम होतं, चिमी सतरंजीवर बूड घासायला लागली की करायचं, पण ते मी लिहीत नाही. ज्यानं केलंय त्याला कळेल.

हे सगळं मला कुणी शिकवलं नाही. अर्धं मेंढरांकडून आलं, अर्धं चिमीनं शिकवलं. हात चांगला बसला. शेजारच्या बंगल्यातल्या बाईही आपलं कुत्रं माझ्याकडे पाठवायला लागल्या. त्या न्हाणं झालं की त्याला अत्तर लावायच्या आणि ते थेट उकिरड्यात जाऊन लोळायचं. त्यांचं म्हणणं, मी साबण कमी लावते. मी त्यांना सांगितलं नाही की कुत्र्याला स्वतःचा वास परत पाहिजे असतो.

साबणावरून आठवलं. बाईसाहेब न्हाण्याच्या वडीवर केसातल्या आकड्यानं रेघ ओढून ठेवायच्या, किती झिजली ते बघायला. मी ती रेघ पहिल्याच दिवशी पाहिली. मग मी साबण इतका जपून वापरला की त्यांना वाटलं, मी चिमीला नुसत्याच पाण्यानं धुते. घरी सासू दारातच अडवायची. "कुत्र्याला न्हाऊ घालून आलीस न्हवं? आदी सोता न्हा. मग चुलीला शिव."

आणि करीमचाचा. बंगल्याचे बावर्ची. आधीच्या अंमलदारापासून ते तिथेच होते; साहेब बदलले, स्वैपाकघर बदललं नाही. पांढरी दाढी, कमरेला पंचा. मी मागच्या अंगणात चिमीला न्हाऊ घालायला बसले की ते स्वैपाकघराच्या खिडकीत येऊन उभे राहायचे. बोलायचे नाहीत. माझ्याकडे पाठ अर्धी, तोंड अर्धं. थोड्या वेळानं आत जायचे. चिमीला मात्र त्यांनी कधी बोट लावलं नाही. ती अंगाशी आली तर नमाजाआधी सगळं पुन्हा धुवावं लागायचं, म्हणून तिला लांबूनच "हट, बिब्बी" म्हणायचे. मला वाटायचं, हा म्हातारा माझ्यावर नजर ठेवतो. साबणावर रेघ बाईसाहेब ओढत असल्या तरी चुगली याचीच. मी घरी नवऱ्याला सांगितलंही. तो म्हणाला, "त्याच्याशी बोलूच नको. आपल्याला काय म्हाईत तो कोण हाय?" मलाही ते पटलं. तेव्हा असलं काहीही पटायचं.

त्या वर्षी श्रावणात गोचीड फार झाले. सकाळी वेचावे तर संध्याकाळी पुन्हा तेवढेच. साहेबांच्या वरिष्ठांच्या बायको हैदराबादहून आल्या होत्या. चहाच्या वेळी चिमी त्यांच्या मांडीवर बसली आणि त्यांच्या रेशमी पातळावर एक टम्म फुगलेला गोचीड चालत गेला. बाईसाहेब मला मागच्या दारी येऊन म्हणाल्या, "गया, आणखी एक जरी दिसला ना, तर तू उद्यापासून येऊ नकोस." आवाज चढवला नाही. त्यामुळे खरं वाटलं.

नवऱ्याच्या पाठीत तेव्हा उसण भरली होती, मालधक्का बंद. घर माझ्या कामावर होतं.

बाप मेंढरांना लोकर कातरायच्या आधी तंबाखूचं पाणी लावायचा. तंबाखू रात्रभर भिजवायची, सकाळी उकळायची, काळं पाणी लोकरीत मुरवायचं आणि धुवायचं नाही. तसंच सुकू द्यायचं. दोन दिवसांत गोचीड गळून पडायचे. मी लहानपणापासून हे पाहिलेलं, शंभर-शंभर मेंढरांना लावलेलं. एकही मेंढरू कधी आजारी पडलं नाही. मी नवऱ्याच्या डबीतली तंबाखू घेतली, पाणी केलं आणि गाडग्यात भरून नेलं.

बाईसाहेब दुपारी शेजारी गेल्या होत्या. मी चिमीला अंगणात घेतलं आणि सगळ्या अंगाला ते पाणी लावलं, बेचक्यांतसुद्धा. खिडकीत करीमचाचा.

"ये क्या लगारी बेटी?"

मी पदर दातात धरला. "पाला हाय. लिंबाचा."

"हौ?" म्हणाले आणि आत गेले.

मी चिमीला उन्हात बांधलं आणि गोणपाट धुवायला नळावर गेले. परत आले तेव्हा ती पाय चाटत होती. मला काही वाटलं नाही. मला वाटायला पाहिजे होतं. मेंढी आपलं अंग चाटत नाही, तिची लोकर औषध धरून ठेवते. कुत्रं चाटतं, आणि चिमीच्या अंगावर धरून ठेवायला काही नव्हतंच. माझी सगळी विद्या लोकरीची होती.

बाईसाहेब परत आल्या तेव्हा चिमीच्या तोंडातून लाळ गळत होती. मग तिनं ओकलं. मग पाय थरथरायला लागले आणि ती आडवी झाली. बाईसाहेब किंचाळल्या, "हिनं काय खाल्लं? कुणी काय घातलं हिला?" साहेब कचेरीतून आले. शिपायाला सलोत्र्याकडे पिटाळलं. जनावरांच्या डॉक्टरला तेव्हा आमच्याकडे सलोत्री म्हणत. मी भिंतीला टेकून उभी.

तेवढ्यात करीमचाचा बाहेर आले. त्यांनी वाकून चिमीच्या पाठीचा वास घेतला. माझ्याकडे एकदा पाहिलं. आणि कधी तिला बोट न लावणाऱ्या त्या माणसानं तिला दोन्ही हातांनी उचललं, चुलीवरचं गरम पाणी बादलीत घेतलं आणि साबणानं खसाखसा धुवायला सुरुवात केली.

"करीम! काय करतोस? मरेल ती!" साहेब.

"धोना जरूरी है हुजूर. नै तो मरती."

दोन वेळा धुतली, तीन वेळा धुतली, आपल्या पंच्यात गुंडाळली. अख्खी वडी संपवली. ती रेघही त्यातच गेली.

सलोत्री आले तोवर चिमीचा थरथराट थोडा कमी झाला होता. त्यांनी ओकारीला काडी लावून हुंगली. "तंबाखू पोटात गेली आहे," ते म्हणाले. "जगेल. कुणाकडे आहे तंबाखू इथे?"

साहेबांनी करीमचाचांकडे पाहिलं. "चंची काढ."

चाचांनी कमरेची चंची काढली. बाईसाहेबांना तंबाखूचा तिटकारा होता, बंगल्यात खायची मनाई होती. म्हणूनच ते खिडकीशी यायचे. पाठ अर्धी आणि तोंड अर्धं करून तंबाखू मळायचे. माझ्याकडे बघतच नव्हते. हे मला त्या क्षणी कळलं, आणि काही उपयोग नव्हता.

"खाण्यात घातलीस?"

"मैं खाना पकाता हुजूर. जहर नै पकाता."

"मग तुला कसं कळलं तिला धुवायचं? सलोत्र्याच्या आधी?"

करीमचाचांनी चंची खाली ठेवली.

"आणि अंग धुऊन काय लपवलंस?" बाईसाहेब म्हणाल्या. "कुत्र्याला शिवत नव्हतास ना तू? आजच बरं उचललंस."

सलोत्र्यांनी मला विचारलं, "अंगाला काही लावलं होतं का?" माझ्याऐवजी बाईसाहेबच बोलल्या, "साबणाशिवाय ती काही लावत नाही. विचारा तिला." सगळे माझ्याकडे वळले. पदर दातात होता. मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली हे आज मी सांगू शकते. मी नाही म्हटलं.

साहेब हळू आवाजात सलोत्र्यांना म्हणाले, "ह्या लोकांचा भरवसा नाही हो. मनात काय असतं कळत नाही." चाचांना ऐकू गेलं. त्यांनी चंची उचलली, पंचा मागितला नाही, तो चिमीच्या अंगावर होता, आणि तसेच फाटकातून निघून गेले. त्याच संध्याकाळी मी ते गाडगं फोडलं आणि खापऱ्या नाल्यात टाकल्या.

दोन दिवस मी कामावर गेले आणि आले. चिमी उठून बसली, दूध पिऊ लागली. तिसऱ्या दिवशी मी करीमचाचांचं घर शोधत गेले. एकटी त्या मोहल्ल्यात कधी गेले नव्हते. नवऱ्याला सांगितलं नाही. दारात पडदा होता. त्यांच्या बायकोनं मला पाहून आधी पडदा ओढला, मग चाचांनी आतून सांगितलं म्हणून बाजूला केला. ते बिऱ्हाड बांधत होते. मुलगी पाथरीला दिलेली, तिच्याकडे जाणार होते.

मी उभ्या उभ्या म्हणाले, "चाचा, तंबाखू मी लावली व्हती."

"मेरेकू मालूम. चालीस साल से खाता हूं, बास नै पहचानता?"

"मग बोलले का न्हाई?"

ते हसले. "मेरा कौन सुनता बेटी? बोलते, बुड्ढा अपनी बला लड़की पे डालरा. तू बोलती तो सुनते."

मी तिथूनच बंगल्यावर गेले. वाटेत वाक्य पाठ केलं, शाळेत करायचे तसं. बाईसाहेब व्हरांड्यात होत्या, चिमी पायाशी. मी पदर सोडला आणि सांगितलं. तंबाखू, गाडगं, मेंढरांचं औषध, सगळं. माझ्या आयुष्यातलं तोपर्यंतचं ते सगळ्यात लांब बोलणं.

बाईसाहेबांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "कुठून आलीस तू आत्ता?"

"करीमचाचाच्या घरून."

"हं." त्यांनी मान हलवली. "त्यानं पाठवलं तुला. धमकावलं का?"

"न्हाई बाईसाहेब. मीच..."

"कुठे आहे ते गाडगं? दाखव."

गाडगं नाल्यात होतं. अंगावरचा वास चाचांनी धुतला होता. माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं.

"बघ," बाईसाहेब म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पहिल्यांदाच. "तू भोळी आहेस गया. परवा सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस. ते खरं होतं. आता कुणाच्या भीतीनं खोटं बोलू नकोस."

मी पुन्हा सांगितलं, साहेबांनाही सांगितलं. जितक्यांदा सांगितलं तितकी मी भोळी ठरले. त्यानंतर त्यांनी साबणावर रेघ ओढणं बंद केलं. कोठीची किल्लीही माझ्याकडे दिली. ज्याला विश्वास म्हणतात तो मला त्या घरात असा मिळाला.

मी काम सोडलं नाही. हे कुणी विचारलं तर नवऱ्याच्या पाठीचं सांगता येईल, पण पाठ दोन महिन्यांत बरी झाली होती. मी चिमीला पुढे पाच वर्षं न्हाऊ घातलं. कुठलंही औषध लावलं की ते सुकेपर्यंत तिचं तोंड हातात धरून उन्हात बसायचे. ती माझ्याकडे बघत राहायची, मी खिडकीकडे. तिथे नवा बावर्ची असायचा, तो आपला काम करत असायचा.

मग आमचा मुलूख हैदराबादमधून मुंबई राज्यात गेला आणि साहेबांची बदली झाली. जाताना बाईसाहेबांनी मला चिठ्ठी दिली, पुढे कुठे काम लागलं तर दाखवायला. ती मी पदराच्या गाठीत बांधली आणि एक दिवस मामाला भेटायचं निमित्त काढून एसटीनं पाथरीला गेले.

करीमचाचा जावयाच्या चहाच्या हॉटेलात गल्ल्याशी बसले होते. खूप वाळले होते. डोळ्यात फूल पडलेलं. मी पायाला हात लावायला वाकले तर पाय ओढून घेतले. "चिमी कैसी है?" हाच पहिला प्रश्न. मी सांगितलं, गेली त्यांच्याबरोबर, म्हातारी झाली. मग मी गाठ सोडून चिठ्ठी काढली. का काढली कुणास ठाऊक. त्यांना उर्दू वाचता यायची, मराठी नाही.

"क्या लिखी बाईसाब?"

दोन-तीन गिऱ्हाइकं ऐकत होती. मी कागद समोर धरला आणि वाचलं, "करीमचाचा हे आमच्या घरी होते. ते अत्यंत प्रामाणिक आणि..."

"बेटी." त्यांनी हात वर केला. "मैं वां से निकला तो बाईसाब मेरेकू चाचा बोलती क्या?" गिऱ्हाइकं हसली. तेही हसले. मग म्हणाले, "चौथी पढ़ी ना तू? जैसा लिखा वैसा पढ़."

मी पदराकडे हात नेला आणि परत खाली घेतला. हॉटेलात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं: "गयाबाई ही आमच्याकडे सहा वर्षे होती. ती अत्यंत विश्वासू असून कधीही खोटे बोलत नाही."

चाचांनी चिठ्ठी हातात घेतली, घडी घालून मला परत दिली. मग जावयाला म्हणाले, "एक चाय दे इसकू. मीठी."

चिठ्ठी मी नंतर कुणालाच दाखवली नाही. या वहीतच आहे. नात विचारते, तुला कुत्र्याचं काय माहीत. तिनं मागून वही उघडली तर कळेल. जसं झालं तसं लिहिलं आहे.